चौऱ्याऐंशी पोती

२७ मे

शाळेतून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी बोरदऱ्यात मी अजून 'बाई'च आहे. चाळिशीच्या आतल्या सगळ्या गावाला पाटीवर अक्षर मी गिरवायला लावलं, तेव्हा तेवढा मान असायलाच हवा. पण गेल्या वर्षापासून त्याला एक जोड मिळाली आहे. आज खर्ड्याच्या बाजारात वांगी घेत होते, तर मागून कोणी तरी म्हणालं, "रेड अलर्ट बाई, आज छत्री लागंल का?" मी वळून पाहिलं नाही. याकोब शेजारी उभा होता, तो हसला. छत्तीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर.

त्याचं झालं असं. आमच्या अंगणात पुण्याच्या एका संस्थेचा पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला मी त्यातलं पाणी मोजते आणि आकडा मोबाईलवर पाठवते. संस्थेचं म्हणणं असं की पाऊस किती पडणार एवढं सांगून लोकांना काही कळत नाही; तो पडून काय करणार ते सांगा. म्हणून मी सगळं गाव पालथं घालून एक तक्ता केला. चाळीस मिलिमीटरला ओढ्यावरचा फरशी पूल बुडतो. साठला सुताराच्या घरात पाणी शिरतं. शंभरच्या वर गेला की तळ्याच्या मातीच्या बांधाला धोका, आणि बांधाला धोका म्हणजे त्याच्या पायथ्याला असलेल्या खालच्या आळीतल्या सात घरांना धोका. संस्थेची निकिता म्हणाली, चाळीस गावांत तुमचा तक्ता सर्वांत चांगला. हे मी बाहेर कोणाला सांगितलं नाही. याकोबला दोनदा सांगितलं.

गेल्या सप्टेंबरात निकिताचा निरोप आला, शंभरच्या वर पावसाची शक्यता दहात सात. मी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून गाव दणाणून सोडलं. तळ्याचं पाणी सोडायला लावलं, खालची आळी दोन दिवस शाळेत आणून बसवली. पाऊस पडला नऊ मिलिमीटर. बाकी सगळा पाथर्डीच्या अंगाला निघून गेला. जानेवारीत तळं आटलं, फेब्रुवारीत टँकर सुरू झाले, सहादेवची लिंबाची बाग उभी वाळली. सहादेव तळ्याच्या कमिटीचा अध्यक्ष. तो मला पाहून रस्ता बदलत नाही, मुद्दाम समोरून येतो आणि हात जोडून नमस्कार करतो. ते जास्त लागतं.

यंदा पाऊस सरासरीपेक्षा जास्त राहील, असं आज संस्थेच्या बैठकीत सांगितलं. मी वहीत उतरवून घेतलं, गावात बोलले नाही. दुधाने तोंड पोळलं की माणसाने ताकही फुंकून प्यावं.

१९ जून

आठ, बावीस, चौदा, शून्य, एकतीस. पाऊस चांगला चालला आहे. पेरण्या झाल्या. पारावर माणसं पावसाविषयी बोलत होती, मी जवळ गेले तशी गप्प झाली. मीही काही सांगायला गेले नाही. न मागता सल्ला देणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

२४ ऑगस्ट

आज सांडव्यावर पोती लागली. उपासनेहून आले, साडी बदलली आणि रंगाचा डबा घेऊन तळ्यावर गेले.

तळ्याच्या एका टोकाला दगडी सांडवा आहे. तळं भरलं की जादा पाणी त्यावरून वाहून ओढ्याला जातं. पण आमच्या गावाला 'जादा पाणी' हा शब्दच पटत नाही. बारा वर्षांपूर्वीच्या दुष्काळानंतर पद्धत पडली: पोळा झाला की घरटी एक पोतं मुरमाने भरून सांडव्यावर रचायचं. दोन फूट पाणी जास्त अडतं, म्हणजे उन्हाळ्यातला एक महिना निभतो. प्रत्येक पोत्यावर घराचं नाव तैलरंगाने लिहायचं, आणि ते मीच लिहायचं, कारण गावात दुसऱ्या कोणाचं अक्षर लांबून वाचता येत नाही. चौऱ्याऐंशी घरं, चौऱ्याऐंशी पोती. त्यांतली अकरा आम्हा ख्रिस्ती घरांची.

नियम एकच आहे. ज्याचं पोतं त्यानेच हलवायचं. पूर्वी खालच्या शेतांना पाणी हवं म्हणून कोणी तरी गुपचूप दोन पोती सरकवायचं आणि मग गावभर मारामाऱ्या व्हायच्या. आता दुसऱ्याच्या पोत्याला हात लावणाऱ्याची पाण्याची पाळी वर्षभर बंद. हा नियम मोडला फक्त गेल्या वर्षी, माझ्या इशाऱ्यामुळे. सहादेव त्या दिवशी नगरला होता आणि पोरांनी त्याचंही पोतं काढून टाकलं. त्याचा राग त्याने मनात ठेवला आहे. यंदा ज्या घरातून जो पोतं घेऊन आला, त्या एकेकाला त्याने सांडव्यावर उभं करून भैरोबाची आण घ्यायला लावली. आमची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "तुमी तुमच्या देवाची घ्या, पर घ्या." घेतली.

निकिताने फोनवर विचारलं होतं की यंदा पाऊस जास्त सांगितलाय, तर पोती लावायची का? मी म्हटलं, वेळ आली की काढू, तासाभराचं काम आहे. तिचंही खरं आहे, पण ती पुण्यात नळाखाली भांडी घासते.

अक्षर यंदा झकास आलं आहे.

१४ सप्टेंबर

चार दिवस झड लागली आहे. फार नाही, पण थांबतही नाही. पंधरा, वीस, अठरा, सव्वीस. तळं पोत्यांना टेकलं. गाव रोज संध्याकाळी बांधावर जाऊन पाणी बघून येतं, लग्नाला नवरी बघायला गेल्यासारखं.

दुपारी खालच्या आळीत रंगुबाईकडे गेले. तिचं घर अगदी शेवटचं, बांधाच्या पोटाशी. आमची मैत्री जुनी आहे. मी नवीन लागले तेव्हा शाळेचं पाणी तीच भरायची. तिचा नवरा ज्ञानेश्वर तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहे, उजवी बाजू गेली. बोलणं तिलाच कळतं. तो काही तरी सारखं म्हणत होता, म्हणून मी विचारलं. रंगुबाई म्हणाली, "बांधाचं प्वाट वलं हाय म्हनत्यात. दोन दिस झालं तेच धरलंय." ज्ञानेश्वरने तरुणपणी रोजगार हमीवर या बांधाची माती वाहिली आहे, त्यामुळे त्याला वाटतं बांध आपल्यालाच ठाऊक.

मी मागे जाऊन पाहिलं. ओल होती, गवत हिरवंगार होतं, पण पावसाळ्यात कुठे ओल नसते? माझ्या तक्त्यात असा रकानाही नाही. मी म्हटलं, घाबरू नका, शंभरच्या आत काही होत नाही. रंगुबाई म्हणाली, काष्टीचा जावई टेम्पो घेऊन येतो म्हणतोय, आठ दिवस तिकडं जाऊन यावं का? मी तिला समजावलं की आजारी माणसाला उगाच हलवू नये. तिला पटलं. माझं तिला नेहमीच पटतं.

२१ सप्टेंबर, रविवार

दुपारी बरोबर चारला निकिताचा फोन आला. उद्याच्या दिवसात बोरदऱ्यावर शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडण्याची शक्यता दहात चार. मी म्हटलं, गेल्या वर्षी दहात सात होती, तरी नऊ मिलिमीटर पडला. ती म्हणाली, "बाई, एरवी अशा पावसाची शक्यता शंभरात दोन असते. आज ती चाळीस आहे. आणि जमीन आधीच भिजलेली आहे, पाणी जिरणार नाही. पोती आजच काढा. सात घरं आजच हलवा." पोरगी हुशार आहे, पण तिला गावाला तोंड द्यावं लागत नाही.

फोन ठेवून मी विचार केला. दहात चार म्हणजे दहात सहा वेळा पडणारच नाही. तळं काठोकाठ भरलं आहे. अशा वेळी पोती काढायला लावली आणि पुन्हा नऊ मिलिमीटर पडला, तर मला या गावात राहता येणार नाही. याकोबला विचारलं तर तो म्हणाला, सांगून टाक, हसले तर हसले. त्याचं काय जातं? एसटीत कंडक्टर होता तो, त्याने जन्मभर लोकांचे बोल ऐकले आहेत. मी नाही ऐकलेले.

शेवटी ठरवलं ते शास्त्राला धरून आहे असं मला वाटतं. उद्या सकाळी साडेआठला माप घ्यायचं. पन्नासच्या वर निघालं तर भोंग्यावरून सांगायचं. आता मी घाबरून बोलणार नाही, आकड्यावर बोलणार.

पाचच्या सुमारास सहादेव रस्त्यात भेटला. नमस्कार करून म्हणाला, "काय म्हनतंय पुनं?" मी म्हटलं, पाऊस सांगितलाय, उद्या बघू. तो पुढे गेला. म्हणजे कमिटीच्या कानावर घातलं आहे.

सहाला पोरांचा टेम्पो तुळजापूरला निघाला, उद्या घटस्थापना म्हणून ज्योत आणायला. बावीस पोरं, गावातली सगळी धडधाकट. झेंडा, ताशा, आरडाओरडा. मी दारात उभी होते, तर एकाने ओरडून विचारलं, बाई, पाऊस कसा हाय? मी म्हटलं, ताडपत्री घ्या बरोबर. ताडपत्री घेतली त्यांनी.

मग रंगुबाई आली. पदर डोक्यावर, पाय चिखलाने भरलेले. आत आली नाही.

"बाई, जावई इचारतोय टेम्पो घिऊन निघू का. आता निघला तर रातच्याला हितं पोचंल. ह्यांचं मन लई घाबरं झालंय. जाऊ का ऱ्हाऊ?"

मी म्हटलं, "सकाळी साडेआठला माप घेते, मग सांगते. तोवर थांब."

"तुमी म्हनता तर थांबते," असं म्हणून ती गेली. मी तिला गाठोडं बांधून ठेवायला सांगितलं. खबरदारी म्हणून.

प्रार्थना केली. नेमकं काय मागावं ते कळेना. पाऊस पडू नये असं मागितलं तर उन्हाळा डोळ्यांपुढे येतो. पडावा असं मागवेना. मग फक्त शहाणपण माग, असं मनाशी म्हटलं आणि तेच मागितलं.

२२ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ

त्रेसष्ट. दोनदा मोजलं.

नऊला भोंग्यावरून सांगितलं. पोती काढा, खालच्या आळीने शाळेत या. आवाज खणखणीत लागला. निकिताचा मेसेज आहे की पुढचे सहा तास जोर वाढेल. इशारा दिला. वेळेत दिला असं मला वाटतं. तळ्यावर जाते आहे.

२३ सप्टेंबर

लिहायलाच हवं. उद्या लिहिलं तर मी ते माझ्या सोयीने लिहीन.

काल घटस्थापना. घट बसवल्याशिवाय वरच्या गावातल्या घरांतून कोणी हलेना, त्यात अकरा वाजले. तोवर सांडव्यावर सहादेव, याकोब, मी आणि दहाएक माणसं. पाऊस असा की समोरच्याचं तोंड दिसत नव्हतं. आमचं पोतं आम्ही सगळ्यांत आधी ओढलं. मग घरं येत गेली, आपापलं पोतं शोधायची, ओढायची, बाजूला टाकायची. बारा वाजेपर्यंत सत्तेचाळीस निघाली. सदतीस राहिली. त्यांत बावीस तुळजापूरला गेलेल्या पोरांच्या घरची, आण त्या पोरांनीच घेतलेली; बाकीची पुण्याला कामाला गेलेल्यांची. आणि त्या पोत्यांना कोणी हात लावेना.

मी सहादेवला म्हटलं, काढायला सांगा. तो गुडघाभर पाण्यात उभा होता. म्हणाला, "ज्याचं पोतं त्यानं काढावं, न्हाईतर फोनवर त्याच्या तोंडून ऐकवा. गेल्या साली माझं काढलं तवा मला कुनी इचारलं हुतं?"

गेल्या सालचं नाव निघालं की माझी वाचाच बसते. मी म्हणायला हवं होतं की आण गेली खड्ड्यात, ओढा सगळी. मी काय केलं? मी मोबाईल पदराखाली धरला आणि नावं वाचायला लागले. माझंच अक्षर, चिखलातूनही वाचता येत होतं. मी नाव वाचायचे, कोणी तरी फोन लावायचं, पलीकडून होकार आला की दोघं जण ते पोतं ओढायचे. फोन लागला नाही की मी पुढचं नाव घ्यायचे. शाळेत हजेरी घेतात तशी. पोरं ज्योत घेऊन पळत होती, त्यांचे फोन टेम्पोत, टेम्पोतला माणूस उचलत नव्हता. तुझं पोतं काढू का, असं एकेकाला विचारत आम्ही पन्नास माणसं त्या पावसात उभी होतो. पावणेदोनपर्यंत अशी एकोणीस निघाली. अठरा राहिली.

खालच्या आळीतली सहा घरं दहाच्या आतच शाळेत आली होती. सातवं रंगुबाईचं. ज्ञानेश्वरला बाजेसकट उचलायला चार माणसं लागतात. तिने शेजारच्या मुलीबरोबर निरोप पाठवला, तेव्हा माणसं म्हणाली, पोती झाली की येतो. साडेबाराला दुसरा निरोप आला. पुन्हा तेच. एकला याकोब कोणाला न सांगता एकटाच गेला. बासष्ट वर्षांचा माणूस.

सांडवा टिकला. बांध मधोमध खचला, रंगुबाईच्या घरामागे. आधी वरून पाण्याची एक पातळ पट्टी आली, मग मातीचा मोठा तुकडा खाली बसला, आणि मग आवाज. मी तो आवाज लिहू शकत नाही.

याकोबने आणि तिने बाज ओढत उंबऱ्यापर्यंत आणली होती. पाणी आलं तेव्हा त्याने तिला दंडाला धरून वरच्या अंगाला ओढलं. तिने बाजेचा खूर सोडला नाही. त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली. हे त्याने मला आज सकाळी सांगितलं, भिंतीकडे तोंड करून.

ज्ञानेश्वर आज अकराला दीड किलोमीटरवर बाभळीत सापडला. सातही घरं गेली. माणूस एकच गेला, असं सगळे म्हणताहेत. एकच.

काल साडेआठ ते आज साडेआठ: एकशे एक्केचाळीस मिलिमीटर. आकडा पाठवला.

२५ सप्टेंबर

काही नाही. पाऊस चार.

३० सप्टेंबर

पंचनाम्याला साहेब आले. इशारा किती वाजता दिला, असं विचारलं. मी म्हटलं, सकाळी नऊला. बांध फुटला पावणेदोनला. त्यांनी हिशेब करून लिहिलं, 'पावणेपाच तासांचा पुरेसा अवधी'. कारण म्हणून अतिवृष्टी लिहिली. पोत्यांचं कोणी काही बोललं नाही. सहादेव खाली बघत उभा होता. आठ दिवसांत त्याचं तोंड म्हाताऱ्यासारखं झालं आहे.

साहेब जाताना म्हणाले, मॅडम, तुमच्यासारखी माणसं गावागावांत पाहिजेत. मी चहा विचारला, ते थांबले नाहीत.

रंगुबाई शाळेच्या खोलीत आहे. मी रोज डबा देते. ती डबा घेते, धुऊन परत करते. आमचं बोलणं होत नाही. दुःखात माणूस बोलत नाही, हे मी समजू शकते.

२ ऑक्टोबर

आज दसरा आणि ग्रामसभा एकाच दिवशी. सभेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ. त्या दिवशी बाईंनी भोंग्यावरून सांगितलं नसतं तर सहा घरांतली बत्तीस माणसं गेली असती, असं बोललं गेलं. ते खोटं नाही. मग सहादेव उठला. सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, मी तुमाला गेल्या सालाबद्दल धरून बसलो. चुकलं माजं." आणि त्याने आपट्याची पानं माझ्या हातात ठेवून पायाला हात लावला. ठराव झाला की यापुढे पोतं कोणाचंही असो, बाईंनी सांगितलं की काढायचं.

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. एक वर्ष ज्याची वाट पाहिली ते मिळालं. घरी येऊन शाल खुर्चीवर टाकली. याकोबने ती उचलून कपाटात ठेवली आणि न जेवता झोपला. हल्ली त्याच्या मनातलं मला कळत नाही.

५ ऑक्टोबर

संस्थेचा फॉर्म भरून मोबाईलवर त्याचा फोटो पाठवला. इशारा गावाला कधी दिला, या रकान्यात लिहिलं: २१ सायंकाळपासून तोंडी, २२ सकाळी नऊला भोंग्यावर. तोंडी सांगितलं होतंच की. सहादेवला, पोरांना, रंगुबाईला. निकिताने लगेच कळवलं की बोरदऱ्याचं उदाहरण संस्था इतर गावांना दाखवणार आहे.

८ ऑक्टोबर

आज रंगुबाई काष्टीला गेली, लेकीकडे. जायच्या आधी माझ्या दारात आली. या वेळी आत येऊन बसली. मी पाणी दिलं. ते प्यायली, तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "बाई, त्या रविवारी मी आले, त्याच्या आदी पुन्याहून फोन आला हुता का?"

आतल्या खोलीत याकोब काही तरी करत होता, तो आवाज थांबला. नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, आला होता.

"काय म्हनले?"

मी सांगितलं, दहात चार. मग तिला समजावं म्हणून फोड करून सांगितली की असं आभाळ दहा वेळा आलं तर चार वेळा तसा पाऊस पडतो आणि सहा वेळा पडत नाही. पोरांना गणित शिकवावं तसं. तिने उजव्या हाताची चार बोटं मिटली आणि बराच वेळ त्या मुठीकडे बघत बसली.

"ह्यांना झटका आला," ती म्हणाली, "तवा नगरच्या डाक्टरनं सांगितलं हुतं, असं दहा मानसं आली तर एक जगतंय. त्या एकावर मी ह्यांना गाडीत घालून घरी आनलं. तीन सालं जगलं."

मी तिला गेल्या वर्षीचं सांगायला लागले. नऊ मिलिमीटर, टँकर, बाजारातली हाक. तिने सगळं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते.

"चार लई झालं, बाई," ती म्हणाली. "मला आकडा सांगायचा हुता. जायाचं का न्हाई ते माजं मी बघितलं असतं."

बाहेर जावयाचा टेम्पो वाजला. ती उठली. मी तिचं गाठोडं उचलायला गेले, तर तिने ते स्वतःच घेतलं.

तिचं घर, तिचा माणूस आणि तिचा जीव. ठरवायला मी बसले होते. छत्तीस वर्षं मी या गावाला बेरीज-वजाबाकी शिकवली आणि वाटत राहिलं की यांना आकडा कळत नाही. मला माझी लाज वाटते. ज्ञानेश्वरने मला सांगितलं होतं, बांधाचं पोट ओलं आहे. रंगुबाई निघायला तयार होती. बावीस पोरं सहा वाजेपर्यंत माझ्या दारासमोर होती, त्यांनी बाज उचलली असती, आपली पोतीही ओढली असती. हे सगळं माझ्याच हाताने याच वहीत लिहिलेलं आहे. आज मागची पानं वाचली.

९ ऑक्टोबर

सकाळी माप घेतलं, शून्य. मग निकिताला फोन करून सांगितलं की तो फॉर्म धरू नका, दुरुस्त करून पाठवते. ती म्हणाली, बाई, आता गरज नाही, सगळं नीट भरलंय. मी म्हटलं, नाही भरलेलं.

'तोंडी' हा शब्द खोडला आणि लिहिलं: इशारा पुण्याहून मिळाला २१ तारखेला दुपारी चारला. गावाला दिला २२ तारखेला सकाळी नऊला. मधले सतरा तास तो माझ्याजवळ होता. पुढे 'उशीर झाल्यास कारण' असा रकाना आहे. तो गेल्या खेपेला मी रिकामा सोडला होता. त्यात लिहिलं: लोक पुन्हा हसतील, याची मला भीती वाटली.

खाली सही केली, कृपा याकोब भिंगारदिवे, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावून आले. सहादेव तिथेच उभा होता. त्याने ती शेवटपर्यंत वाचली. नमस्कार केला नाही.